पांढऱ्या गोळ्या दोन

सुमनकाकू बी-२०३: (फोटो) ह्यातली बीपीची कुठली आणि शुगरची कुठली सांगेल का कोणी? पट्टी कापून दिल्येत त्यामुळे नावच गेलंय, एकीवर नुसतं ५०० दिसतंय. खालच्या नगरपरिषदेच्या दवाखान्यात आठला गेले, नंबर ४७, घरी आले पावणेबाराला. खिडकीतून "एक सकाळ एक रात्र, पुढचाऽऽ" एवढंच ऐकू आलं

मंदार सी-३०१: मोठी शुगरची काकू 👍

वृषाली ए-१०२: मंदार, प्लीज. फोटो बघून कोणी औषधं सांगू नका. काकू मी येईपर्यंत काही घेऊ नका, तीनला सुटते, केसपेपर हाताशी ठेवा

मंदार सी-३०१: सॉरी वहिनी

देसाईकाका ए-४०१: म्हणूनच मी खालच्या त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. डॉक्टर मान वर करून बघत नाही. माणूस आत शिरेपर्यंत चिठ्ठी लिहून तयार

गावडेमामा सी-१०२: तुमका परवडता हो देसाई. माका कुत्रो चावललो तेव्हा चारय इंजेक्शना फुकट गावली, तीच भायर घेतली असती तर खिसो फाटलो असतो. बाई गोडपणी बोलली पण

नाना बी-१०१: सर्वांच्या माहितीसाठी. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले. साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र. ओपीडी दुपारी १२ ते रात्री ८ अशी त्यात सूचना होती. मग आपल्याकडे दुपारी कुलूप का??

देसाईकाका ए-४०१: नाना बरोबर. नोकरीवाल्याने काय रजा टाकून आजारी पडायचं?

सेक्रेटरी: पंप ४ ते ५ बंद राहील. टाकी धुणार आहेत. कृपया बादल्या भरून ठेवा 🙏

सुमनकाकू बी-२०३: उशीर झाल्याचं एवढं नाही हो वाटत. पण ती मुलगी भर रांगेत मोठ्याने विचारते, शुगर वाढलेली आजी कुठली? शेजारी आपले दूधवाले उभे. आता सगळ्या मारुती मंदिर भागाला कळलं असेल

मंदार सी-३०१: काकू आजपासून चहात साखर कमी येणार म्हणजे 😄

शीतल बी-३०२: मंदार, गप्प बस हं. माझ्या ननंदेला असंच पाळीचं विचारलं होतं, दारातच, दार उघडं. परत गेली नाही ती. रिक्षा करून जाते प्रायव्हेटला, तपासायचे पैसे वेगळे आणि पाच मिनिटं बोलतो म्हणून तेही द्यायला तयार

वृषाली ए-१०२: मी पण नर्सच, त्या दवाखान्यात नाही तरी सांगते. नर्स एक, इंजेक्शन तीच, लसीकरण तीच, मोबाईलवर एन्ट्री तीच. रोजची शंभर माणसं. पावसात लेप्टो तापाच्या गोळ्या घरोघरी कोण वाटत फिरलं? तेव्हा कोणी ग्रुपवर फूल टाकलं नाही

देसाईकाका ए-४०१: वहिनी तुम्हाला कोण बोललं? मनाला लावून घेऊ नका

वृषाली ए-१०२: नाही लावून घेत काका. एन्ट्री वाढल्या म्हणून ओरडायचं नसतं हे मला पण कळतं. पण गोळी पुडीत टाकताना वर पेनने नाव लिहायला किती वेळ लागतो, ते मात्र मी तिथे असते तर लिहिलं असतं

नाना बी-१०१: सर्वांच्या माहितीसाठी. ५०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र. दुपारी १२ ते रात्री ८!!

मंदार सी-३०१: नाना तुमच्याच घरी उघडूया ओपीडी, बेंच आहेच खाली

शीतल बी-३०२: माझी पोरगी पुण्याला पब्लिक हेल्थ शिकते, ती म्हणते जागतिक आरोग्य संघटनेने २००० च्या अहवालात हे वेगळंच मोजलं होतं. म्हणजे बरं केलं की नाही ते एक, आणि मानाने वागवलं का, खासगी गोष्ट झाकली का, उपचार ठरवताना विचारलं का, किती थांबवलं हे दुसरं. आपण फुकट मिळालं की त्या दुसऱ्या गोष्टीवर बोलतच नाही

गावडेमामा सी-१०२: तां खरां असा

देसाईकाका ए-४०१: मग तक्रार द्या नगरपरिषदेत. सह्या करू सगळे

सेक्रेटरी: सोसायटीच्या लेटरहेडवर नाही. मागच्या वेळी नाल्याचं पत्र दिलं त्याचा त्रास मला झाला, लक्षात असू दे

देसाईकाका ए-४०१: मग लेटरहेड मेंटेनन्स मागायलाच ठेवलंय का?

शीतल बी-३०२: काका 🙏

वृषाली ए-१०२: काकू आले. तुमच्याकडेच बसल्ये. मोठी शुगरची, जेवणासोबत. लहान बीपीची, रोज सकाळी. डब्यांवर मार्करने लिहून ठेवलंय. आणि मंदार, तू बरोबर होतास तरी परत असं करू नकोस

मंदार सी-३०१: 🙈

नाना बी-१०१: दुपारी १२ ते

सुमनकाकू बी-२०३: महिन्याने परत बोलावलंय. कोण येणार असेल तर सातलाच निघू, नंबर पुढचा मिळेल. शीतल, ननंदेला विचार, मी असेन सोबत