पॅरिसहून शातो गायार किल्ला एका दिवसात होईल का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. मी जळगावचा. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं मुलीकडे पॅरिसला जातोय. ती म्हणते पप्पा ल्वार नदीकाठचे राजवाडे दाखवते, पण मला झुंबरं न् गालिचे बघायची हौस नाही, लहानपणापासून लळिंग, सोनगीर, असीरगड फिरलेला माणूस मी, मला खरी लढाई झालेला किल्ला बघायचाय, पडका असला तरी चालेल. सीन नदीवरच्या शातो गायारचं नाव वाचलं. कोणी गेलंय का? बायकोचे गुडघे दुखतात, तिला चढवेल का? आणि तिथे काय घडलं तेही सांगा, नाहीतर नुसते दगड बघून परत यायचं.

भुसावळवाला:
काका बिनधास्त जा, मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड, सिंहहृदयी म्हणतात तो, उत्तर फ्रान्समधली नॉर्मंडी त्याच्या ताब्यात होती आणि फ्रान्सचा राजा फिलिप ती गिळायला बसलेला, म्हणून नॉर्मंडीची राजधानी रुआं, तिकडे जायची वाट अडवायला त्याने सीनच्या वळणावर पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला उठवला. ११९६ ला काम सुरू आणि ११९८ ला उभा, दोन वर्षांत! जागा रुआंच्या आर्चबिशपची, म्हणजे मोठ्या धर्मगुरूची होती, त्याला न विचारता घेतली म्हणून त्याने अख्ख्या नॉर्मंडीतली धर्मकार्यं बंद पाडली, शेवटी दुसऱ्या जमिनी देऊन मिटवलं. रिचर्ड मात्र ११९९ लाच बाण लागून गेला, गादीवर भाऊ जॉन.
बघायचं काय तर सगळ्यात आतली भिंत. सरळ नाहीच ती, अर्धगोल बुरुज एकाला एक चिकटवल्यासारखी लाटालाटांची आहे, म्हणजे दगड येऊन आदळला तरी घसरून जावा. मी अर्धा तास नुसता हात फिरवत होतो त्या भिंतीवर.

गडवेडा_धुळे:
वरच्या भाऊंनी बांधकाम सांगितलं, मी वेढ्याचं सांगतो, कारण ते माहीत नसेल तर तिथे जाऊन अर्धंच बघणं होतं.
१२०३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी फिलिप आला. जॉनने रात्री जमिनीवरून फौज आणि नदीतून होड्या अशी मदत पाठवली पण प्रवाहामुळे होड्या उशिरा पोचल्या आणि दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या मार खाऊन परतल्या. खालच्या गावचे लोक जीव वाचवायला गडावर आलेले, हजाराच्या वर. किल्लेदार रॉजर द लेसीने धान्य पुरावं म्हणून त्यांना बाहेर काढलं. पहिल्या टोळ्या फ्रेंचांनी जाऊ दिल्या, नंतरच्यांना फिलिपने अडवलं, आणि गडाचे दरवाजे तर बंदच. भर हिवाळ्यात ती माणसं, बायका, पोरं दोन्ही फौजांच्या मधल्या उतारावर अडकली, पाला खाऊन राहिली, कितीतरी तिथेच मेली, मग कुठे फिलिपने सोडलं. मी वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. काका, तुम्ही त्याच उतारावरून चढणार आहात, मध्ये थोडं थांबा.
पुढे बुरुजाखाली खणून लाकडी टेकू लावले, ते जाळले, बुरुज खाली आला (तिथे तेव्हा बारूद नव्हती). दुसऱ्या तटात काही शिपाई शौचकुपाच्या नळातून घुसले ही गोष्ट तुम्हाला गाईड हमखास सांगेल, पण बरेच अभ्यासक म्हणतात जॉनने बांधलेल्या चॅपलच्या (प्रार्थनाघराच्या) खिडकीतून शिरले, आणि मलाही तेच पटतं. ६ मार्च १२०४ ला गड पडला, जूनमध्ये रुआंही गेलं आणि नॉर्मंडी इंग्रजांच्या हातून सुटली.
अजून एक, १४१९ ला हाच गड पुन्हा पडला तो विहिरीचे दोर झिजून संपले म्हणून! आपल्या लळिंगवर टाकी का खोदली ते कळतं. आणि पाडायचा हुकूम फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९९ ला दिला, म्हणजे अकबराने असीरगड घेतला त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

भुसावळवाला:
प्रवासाचं राहिलंच. किल्ल्याखालच्या लेझांदली गावाला रेल्वे नाही. पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनहून गायाँ-ओबवॉय पर्यंत ट्रेन, पुढे दहा-पंधरा किलोमीटर टॅक्सी, आधी ठरवून ठेवा कारण स्टेशनबाहेर उभी असेलच असं नाही. मुलीकडे गाडी असेल तर उत्तम, शंभरेक किलोमीटर आहे. काकूंना नदीकाठच्या पायवाटेने नेऊ नका, खडी चढण आहे. गाडी वरच्या पार्किंगला न्या, तिथून नदीचं वळण आणि अख्खा किल्ला खाली दिसतो, त्या तिथे बसल्या तरी पोट भरेल. बाहेरचा भाग फुकट, आतल्या भागाला तिकीट आणि तो हिवाळ्यात बंद असतो, म्हणून निघायच्या आधी वार-वेळ बघून घ्या. बूट चांगले घाला, ओली चुनखडी फार घसरते.

तापीकाठ:
दोघांचे मनापासून आभार भो. मुलीला आत्ताच फोन केला, गाडी भाड्याने घेते म्हणाली. बायको वर बसेल, आम्ही बापलेक उतारावरून चढू. येताना फोटो टाकतो, त्या लाटांच्या भिंतीचे आधी.