फार्नेसिल थांबवलं तरी के-रास चालूच कसं राहतं?

पेशीरंग:
एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय, सेमिनारला रास प्रोटीन घेतलंय (पेशीला वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन, के-रास, एन-रास आणि एच-रास असे त्याचे तीन प्रकार). मला समजलं ते असं की नवीन तयार झालेलं रास सायटोप्लाझममध्ये नुसतं फिरत असतं, त्याच्या शेपटीतल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर 15 कार्बनची फार्नेसिल साखळी लागली की मगच ते मेम्ब्रेनवर जाऊन बसतं आणि वाढीचा सिग्नल पुढे राफ नावाच्या प्रोटीनला देतं. मग साखळी लावणारं एन्झाइमच ब्लॉक केलं की काम व्हायला पाहिजे ना? टिपिफार्निब, लोनाफार्निब अशी औषधं पण आली, पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, जिथे बहुतेक पेशंटमध्ये के-रास बिघडलेलं असतं, तिथेच ती फेल गेली. अडलं कुठे?

ओंजळ:
औषधाने एन्झाइम बरोब्बर बंद होत होतं, अडलं पुढे. फार्नेसिल मिळेनासं झालं की के-रास आणि एन-रासच्या त्याच सिस्टीनवर दुसरं एन्झाइम येऊन 20 कार्बनची जेरानिलजेरानिल साखळी लावतं, म्हणजे उलट जास्तच तेलकट, त्यामुळे प्रोटीन मेम्ब्रेनवर आहे तिथेच आणि सिग्नल पण चालू. एच-रासला मात्र ही पळवाट नाही. आणि सुरुवातीला उंदरांवरचे जे प्रयोग गाजले, ज्यात गाठी भराभर आकसल्या, ते एच-रासच्या ट्यूमरवर केलेले होते! माणसांत के-रास कितीतरी जास्त वेळा बिघडतं. सेमिनारमध्ये यावरच वेळ घालव असं मी म्हणेन, कारण तिन्ही रासचा मुख्य भाग जवळपास सारखाच आहे, खरा फरक शेपटीकडे आहे आणि औषध पण तिथेच फसलं.

निरंतर:
मग दोन्ही एन्झाइम्स एकदम बंद करायची की.

ओंजळ:
तोही विचार झाला, पण 20 कार्बनवाली साखळी रो, रॅक अशा कितीतरी प्रोटीन्सना लागते आणि ती नॉर्मल पेशींनाही हवीच असतात. दोन्ही बंद केलं तर ट्यूमरच्या आधी पेशंटलाच त्रास.

साधीमाती:
पण ती औषधं वाया गेली असं लिहू नकोस प्लीज. डोकं-मानेच्या ज्या कॅन्सरमध्ये एच-रास बिघडलेलं असतं तिथे टिपिफार्निबने गाठी कमी झाल्यात. लोनाफार्निबला तर 2020 मध्ये अमेरिकेत प्रोजेरिया या लहानपणीच म्हातारपण आणणाऱ्या आजारासाठी मान्यता मिळाली, त्या मुलांमध्ये प्रोजेरिन नावाच्या प्रोटीनवरचं फार्नेसिल निघतच नाही आणि ते केंद्रकाच्या आवरणात अडकून बसतं.

पेशीरंग:
हे माहीतच नव्हतं, थँक्यू! मग के-राससाठी आता काय आहे?

साधीमाती:
शेपटीचा नाद सोडून थेट प्रोटीनलाच धरलं. 2021 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सोटोरासिब आलं. के-रासमध्ये 12 व्या अमिनो आम्लाच्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन आलं असेल, म्हणजे जी12सी, तर हे औषध त्या सिस्टीनशी पक्का बंध करतं आणि रास बंद अवस्थेतच अडकून राहतं. स्वादुपिंडात मात्र जी12डी जास्त सापडतो, तिथे त्या जागी अ‍ॅस्पार्टेट असतं, त्यामुळे सोटोरासिबला धरायला काही मिळतच नाही.