मदत हवी आहे: ऑल व्हील ड्राइव्ह गाडी स्मॉग टेस्टला नेताना काय सांभाळावं?

मंडळी, गाडी १९९९ ची सुबारू आउटबॅक, ऑटोमॅटिक, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये. डीएमव्हीची (इथलं आरटीओ) स्मॉगची, म्हणजे धूर तपासणीची, नोटीस आली आहे. पुण्यात पीयूसी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घातली की झालं. इथे गाडी रोलरवर चढवतात असं कळलं. चारही चाकं ओढणारी गाडी दोन रोलरवर कशी चालवणार? एफडब्ल्यूडीचा (फक्त पुढची चाकं ओढायला लावणारा) फ्यूज लावून नेऊ का? घरात २०१२ ची फॉरेस्टरही आहे, तिलाही हेच लागू आहे का?

प्रतिसाद १
फॉरेस्टरची काळजी सोडा. २००० आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना रोलर नाही, ओबीडीच्या (गाडीच्या संगणकाच्या) सॉकेटमध्ये यंत्र जोडून तपासतात. अडचण १९७६ ते १९९९ च्या गाड्यांची. बे एरियात, म्हणजे तुमच्या भागात, त्यांना एएसएम टेस्ट असते: ताशी १५ आणि २५ मैलांवर, रोलरवर भार देऊन. ते रोलर एकाच अ‍ॅक्सलखाली असतात. कायम ऑल व्हील ड्राइव्ह असणाऱ्या गाडीला त्याऐवजी टीएसआय करतात, म्हणजे गाडी उभी ठेवून आयडलला आणि २५०० आरपीएमला धूर मोजतात. चावी देण्याआधीच टेक्निशियनला स्पष्ट सांगा: 'फुल टाइम ऑल व्हील ड्राइव्ह आहे, टीएसआय करा.' मागे बॅज नसेल तर मॅन्युअलमधलं पान दाखवा. जीपसारखी पार्ट टाइम फोर बाय फोर मात्र टू-व्हीलवर टाकून रोलरवरच जाते.

प्रतिसाद २
फ्यूजच्या भरवशावर रोलरवर जाऊ नका. बॉनेटखालच्या एफडब्ल्यूडीच्या खाचेत फ्यूज बसवला की मागच्या चाकांकडे जाणारा क्लच सुटायला हवा. पण सोलेनॉइड (क्लच सोडणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बिघडलेला असेल किंवा क्लचच्या प्लेटा चिकटल्या असतील तर डॅशवर दिवा लागूनही क्लच सुटत नाही. मग पुढची चाकं रोलरवर फिरत असताना जमिनीवरची मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात आणि ती रोलरवरून उडी मारते. मॅन्युअल गिअरच्या सुबारूत तर फ्यूजची सोयच नाही. तिच्या व्हिस्कस कपलिंगमधलं (पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या भागातलं) सिलिकॉन तेल पुढच्या-मागच्या वेगातल्या फरकाने तापतं, कपलिंग आखडतं आणि कायमचं निकामी होऊ शकतं.

प्रतिसाद ३
टीएसआयमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत, हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) गार असला की नेमके हेच दोन चढतात. १५-२० मिनिटं फ्रीवेवर चालवून थेट स्टेशनवर जा, रांगेत इंजिन बंद करू नका. ऑइल जुनं असेल तर आधी बदला, त्यात मिसळलेलं पेट्रोल वाफ होऊन पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ परत नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पुन्हा इंजिनात जातं. पेट्रोलच्या टाकीचं झाकणही तपासतात, त्याचा रबर तडकलेला नको.

आणि बॅटरी काढू नका, कोडही (संगणकात नोंदलेले बिघाडाचे क्रमांक) पुसू नका! तसं केलं की मॉनिटर, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या, पुन्हा अपुऱ्या होतात. १९९६ ते १९९९ च्या गाडीत एकच मॉनिटर अपुरा चालतो, २००० पासून पुढे फक्त इव्हॅपचा (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा). फॉरेस्टरमध्ये तर पर्मनंट कोड स्कॅनरने पुसलाच जात नाही. तो स्वतःहून गेला नाही तर कोड पुसल्यापासून १५ वॉर्मअप आणि २०० मैल व्हावे लागतात, तोवर गाडी नापास.

प्रश्नकर्ता
खूप आभार. आउटबॅकमध्ये पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असा कोड) अधूनमधून येतो. कन्व्हर्टर बदलूनच नेऊ का?

प्रतिसाद ३
थांबा. आधी मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे कुठे एक्झॉस्ट गळतंय का ते बघा. थंड इंजिन सुरू करून पाइपच्या जोडांजवळ हात धरा, फुंकर लागली किंवा काजळी दिसली तर गॅस्केट बदला. बारीक गळतीतून हवा आत ओढली जाते आणि तो कोड खोटा येतो. कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर कार्बच्या (कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरी, क्रमांकाचा, तुमच्याच मॉडेलवर्षाला मंजूर असलेला घ्या. स्वस्तातला फेडरल (इतर राज्यांत चालणारा) घेतलात तर धूर स्वच्छ असूनही दृश्य तपासणीत गाडी अडकेल.

प्रतिसाद २
एक राहिलं. नोटिशीवर 'स्टार' स्टेशन लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर इतर ठिकाणची टेस्ट चालत नाही. आणि गाडी कधी टो करायची वेळ आली तर दोन चाकं उचलून ओढणारा ट्रक नको, ट्रान्समिशनचं नुकसान तेच. फ्लॅटबेड मागवा.