सायलेंट म्हणजे बंद नव्हे

नाटक बघताना फोन सायलेंटवर ठेवला की झालं, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. अंधाराला डोळे नीट सरावायला २०-३० मिनिटं लागतात. पुढच्या रांगेत कुणी 'किती वाजले' बघायला स्क्रीन उजळली की मागच्या दहा जणांचं लक्ष गेलंच. चेहऱ्यावर पडलेला तो निळसर उजेड रंगमंचावरूनही दिसतो.

दुसरा छळ खोकल्याच्या गोळीचा. कागद हळूहळू सोडवणाऱ्यांना वाटतं आपण सौजन्य दाखवतोय! प्रत्येक घडी मोकळी होताना तेवढीच कडकडते, फक्त यातना लांबते. एका झटक्यात सोडवा, नाहीतर आधीच सोडवून ठेवा. उशिरा येणाऱ्यांबद्दल बोलतच नाही. लहान मुलांवर मात्र मी चिडत नाही, ती निदान खरोखर कंटाळलेली असतात.