मदत हवी आहे: पितळेच्या घनतेतला तिसरा सार्थ अंक

अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी विचारतो आहे. पितळेचा तुकडा ४२.३५ ग्रॅम. १ मिलीच्या खुणा असलेल्या मोजपात्रात पाणी २०.० वरून २५.० वर चढतं. मुलं कॅल्क्युलेटर बघून घनता ८.४७ लिहितात. पण वजाबाकीत उरतात ५.० मिली, म्हणजे सार्थ अंक (मोजमापावरून भरवशाने लिहिता येणारे अंक) दोनच, उत्तर ८.५ ग्रॅम/घन सेंमी. शिवाय प्रत्येक वाचनात ±०.२ मिली धरलं तर घनता ७.८ ते ९.२ मध्ये कुठेही असू शकते. त्यात लोखंड (७.८७) आणि तांबं (८.९६) दोन्ही बसतात! एवढ्यावरून ‘धातू ओळखा’ म्हणणं मला पटत नाही.

म्हणून दुसरी पद्धत: ०.०१ ग्रॅमच्या डिजिटल काट्यावर पाण्याचं बीकर ठेवून शून्य करायचं, दोऱ्याने तुकडा पूर्ण बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काटा ४.९८ ग्रॅम दाखवतो, म्हणजे तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. २७ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९६५, म्हणून आकारमान ५.०० मिली. ही दुरुस्ती राहिली की ८.४७ चं ८.५० होतं.

अडचण बुडबुड्यांची. ०.०५ मिली हवा चिकटली तरी उत्तर ८.३९ वर येतं. पाणी उकळून गार करून घ्यावं, की साबणाचा एक थेंब पुरेल? आणि सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा बारीक धागा कुणी वापरलाय का?