लास वेगसजवळचे पायवाट नसलेले डोंगर: सुचवा

हेंडरसनकर

नमस्कार मंडळी,

आम्ही हेंडरसनला राहतो. शहराच्या पश्चिमेच्या रेड रॉक कॅन्यनमधल्या नेहमीच्या वाटा, म्हणजे कॅलिको टँक्स, टर्टलहेड वगैरे, करून झाल्या. शनिवार-रविवारी तिथे सिंहगडाच्या वरताण गर्दी असते, आणि ऑक्टोबर ते मे तिथल्या आतल्या रस्त्यावर गाडी न्यायला वेळेचं आरक्षण लागतं.

डिसेंबरअखेरीस मेव्हणा पुण्याहून येतोय. सह्याद्रीत मुरलेला गडी आहे. स्ट्रिपवरचे (वेगसचा कॅसिनोंचा रस्ता) दिवे तो एका संध्याकाळी बघून मोकळा होईल, नंतर त्याला डोंगर लागेल. तर असे माथे सुचवा जिथे पाट्या नाहीत, रांग नाही, वाट आपली आपण काढायची.

अटी: घरापासून तास-सव्वा तासाच्या आत. गाडी साधी सेडान आहे, फार तर एक दिवस एसयूव्ही भाड्याने घेऊ. हातापायांनी चढायचा सोपा रॉकपॅच चालेल, दोर लावावा लागेल असं काही नको. बायको आणि सासूबाई डोंगर चढणार नाहीत, त्यांचीही सोय कळली तर उत्तम.

---

मोजावेवासी

सेडान आहे म्हणताय तर पहिला हॅम्ब्लिन माउंटन करा. लेक मीड या हूवर धरणाच्या जलाशयाभोवतीच्या राखीव हद्दीत, नॉर्थशोअर रोडवर अठराव्या मैलाच्या फलकाजवळ. थेट डांबरी रस्त्यावरून सुरुवात. जाऊन-येऊन सहा-सात मैल. आधी वॉश (इथल्या कोरड्या ओढ्याला सगळे हेच म्हणतात), मग खिंड, मग सोंडेवरून माथा. लोकांच्या वावराने पडलेली पुसट वाट मधूनमधून दिसते आणि हवी तेव्हा नेमकी गायब होते. हा जुना ज्वालामुखी आहे. भूगर्भातल्या भ्रंशांनी त्याचे तुकडे करून एकमेकांपासून दूर सरकवलेत. माथ्यावरून खाली तांबड्या-पांढऱ्या टेकड्या आणि पलीकडे तलाव दिसतो. शेवटच्या चढात घसारा आहे, मागच्याने पुढच्याच्या बरोब्बर खाली राहू नये.

एसयूव्ही घेणार असाल त्या दिवशी फोर्टिफिकेशन हिल. मेव्हण्याला हा शंभर टक्के आवडेल, कारण रचना आपल्याकडची आहे: वर सपाट बसाल्टची टोपी, भोवती काळा कडा, खाली घसाऱ्याची उतरण. फरक एवढाच की दख्खनचा बसाल्ट सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा जेमतेम पन्नास-साठ लाख वर्षांचा. सोंडेवरून कड्यापाशी पोचलं की एका फटीतून छोटा रॉकपॅच चढून पठारावर निघता येतं. ज्या टोकावरून हूवर धरण दिसतं तिथे जेवायला बसा.

हा डोंगर ॲरिझोनात आहे. हिवाळ्यात तिथलं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे, आणि फोन कधी या टॉवरची तर कधी त्या टॉवरची वेळ दाखवतो. अंधाराचं गणित मांडताना साधं मनगटी घड्याळ वापरा. पायथ्याला नेणारा किंगमन वॉशचा कच्चा रस्ता उघडा आहे ना, ते लेक मीडच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा.

सासूबाईंना बोल्डर सिटीच्या हेमेनवे पार्कात न्या. बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्या डोंगरावरून उतरून तिथल्या हिरवळीवर चरतात. आपण दुर्बीण घेऊन कडे धुंडाळतो, त्यांना बाकावर बसल्या जागी दिसतील.

---

जुना_भिडू

फ्रेंचमन माउंटन कसा विसरलात? शहराच्या पूर्वेला, लेक मीड बुलेव्हार्डवरून. उंची ४,०५२ फूट. गुडघ्यांची परीक्षा बघायची असेल तर उत्तम.

---

मोजावेवासी

@जुना_भिडू, विसरलो नाही, मुद्दाम गाळला. वरपर्यंत माथ्यावरच्या दूरसंचार टॉवरवाल्यांचा खडीचा रस्ता गेलाय, वाट शोधायची मजा नाही. पायथ्याला मात्र जरूर जा. पश्चिमेच्या अंगाला 'ग्रेट अनकन्फॉर्मिटी' उघडी पडली आहे. खाली सुमारे १.७ अब्ज वर्षांचा खडक, त्याला टेकून वर सुमारे ५० कोटी वर्षांचा वालुकाश्म. मधल्या शंभर कोटींहून जास्त वर्षांचा थरच नाही. दोन्हींवर एकाच वेळी हात ठेवता येतो, आणि मागे शहराच्या गाड्यांचा आवाज चालू असतो.

---

कातळवेडी

ठिकाणं चांगली सुचवली आहेत. मी चालण्याबद्दल लिहिते, कारण सह्याद्रीतली माणसं इथे चढताना नाही, उतरताना अडकतात.

चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात, त्यामुळे थोडं चुकलं तरी पोचता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि वरून प्रत्येक सोंड 'हीच ती' वाटते. आपल्याकडे चुकीच्या सोंडेने उतरलात तरी ढोरवाट, धनगरवाडा, निदान कुणाची तरी हाक मिळते. इथे काही नाही. म्हणून चढताना दर फाट्याला मागे वळून फोटो काढा.

दुसरं, वॉशने खाली उतरायचा मोह. वाळू मऊ, वाट सोपी, आणि मग अचानक कोरडा धबधबा. वीस-तीस फूट गुळगुळीत कातळ, बाजूला भिंती. असे दोन उतरून तिसऱ्यापाशी थांबलात तर वर परत चढता येईलच असं नाही. माझा नियम: जो टप्पा परत चढता येणार नाही तो उतरायचा नाही. नकाशावरही फार विसंबू नका. समोच्च रेषा चाळीस फुटांच्या अंतराने असतील तर तीस फुटांचा कडा त्यांच्या मधे आरामात लपतो. उपग्रहाचं चित्र जोडीला बघा. वॉशमध्ये आडवी काळी सावली दिसली तर तिथे बहुधा उडी आहे.

दगडाचंही सांगते. चुनखडक पकडीला झकास, पण हात सोलून काढतो, बागकामाचे हातमोजे घ्या. रेड रॉकचा वालुकाश्म पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस कमजोर असतो, धरलेला कंगोरा हातात येतो, तेव्हा त्यावर चढू नका. ज्वालामुखी खडक बराचसा सैल.

आणि काटे! कॅटक्लॉ नावाचं झुडूप आपल्या खैराच्या कुळातलं, काटे तसेच वाकडे, पँट सोडत नाही. त्याहून वाईट चोया निवडुंग. नुसता घासून गेलात तरी अख्खा गोळा पोटरीला चिकटतो. हाताने ओढलात तर आता हातालाही. त्याला साधा कंगवा लागतो: गोळ्याखाली दात घालून बाहेरच्या दिशेने झटका द्यायचा, शेजारी कुणी उभं नसताना. उरलेले काटे चिमट्याने.

---

हेंडरसनकर

@मोजावेवासी, @कातळवेडी, फार फार आभार. कंगवा आजच बॅगेत टाकला.

प्रश्न: पाणी किती? वाटेत झरा-टाकं काही मिळतं का? सापांचं काय? आणि स्पिरिट माउंटनबद्दल बरंच ऐकलंय, तो कसा?

---

कातळवेडी

हिवाळ्यात माणशी तीन लिटर, चौथा गाडीत. नकाशावर 'स्प्रिंग' लिहिलं असलं तरी पाणी मिळेल असं धरू नका. कुठे कातळातल्या खळग्यात साचलेलं दिसलंच तर ते मेंढ्यांचं आहे, त्यांना दुसरं नाही. साप डिसेंबरात सहसा बिळात असतात, तरी दिसत नाही त्या कपारीत हात घालायचा नाही. जुन्या खाणींच्या तोंडांतही शिरू नका, आत उभे खड्डे असतात. वॉशबाहेर काळपट, खरखरीत पापुद्र्याची माती दिसली तर वळसा घाला. तो जिवंत थर आहे, एक पाऊल पडलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

हे सगळं फक्त नोव्हेंबर ते मार्चसाठी. जुलै २०२४ मध्ये वेगसला १२० फॅरनहाइटचा विक्रम झाला. उन्हाळ्यात या डोंगरांचं नावही काढू नका.

---

मोजावेवासी

स्पिरिट माउंटन म्हणजे अवी क्वा आमे. मोजावे आणि इतर युमा-भाषक मूळनिवासी जमातींच्या श्रद्धेप्रमाणे त्यांची उत्पत्ती तिथली. २०२३ मध्ये भोवतालचा मोठा प्रदेश राष्ट्रीय स्मारक झाला. चढायला बंदी नाही, लोक चढतात. मी पायथ्याच्या ख्रिसमस ट्री पास रस्त्यावरून बघून परत येतो. तुमच्या सव्वा तासातही तो बसत नाही.

त्याऐवजी दुसरा एसयूव्हीचा दिवस मिळाला तर उत्तरेचा गॅस पीक. सातेक हजार फूट, कच्च्या रस्त्याने पायथा, वरून अख्खं शहर पायाशी. बर्फाची शक्यता बघून जा. तो डेझर्ट वन्यजीव अभयारण्यात आहे, आणि त्याच अभयारण्याचा पश्चिम भाग लष्कराच्या सरावाचा, लोकांना बंद. तिकडे उत्सुकता नको.

---

जुना_भिडू

पूर्ण रस्ता, गाडी कुठे लावणार आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ला (इथला आपत्कालीन क्रमांक) कळवा' हे घरी लिहून ठेवा. टेकडीमागे गेलं की रेंज जाते. उपग्रहावरून संदेश जाणारा फोन किंवा यंत्र असेल तर आधी अंगणात चालवून बघा.

---

हेंडरसनकर

ठरलं. आधी हॅम्ब्लिन, मग एसयूव्ही घेऊन फोर्टिफिकेशन. त्या दिवशी महिला मंडळ हेमेनवे पार्कात. सकाळी सातला निघालो तर कितीला माघारी वळायचं?

---

मोजावेवासी

सूर्यास्त साडेचारच्या सुमारास. हॅम्ब्लिनला माथा मिळो न मिळो, साडेबाराला पाठ फिरवा. फोर्टिफिकेशनलाही तेच, नेवाडाचे साडेबारा. हेडटॉर्च दोघांनाही वेगळे.