व्हीपीएनवर पिंग जातो, फोन चालतो, पण मोठी फाईल लटकते – मदत हवी आहे

टनेलग्रस्त:
नमस्कार मंडळी. मुख्य ऑफिस आणि शाखा यांच्यात वायरगार्डचा (व्हीपीएनचं एक सॉफ्टवेअर) टनेल आहे, दोन्ही टोकांना लिनक्सचे राउटर. शाखेची लाईन बदलल्यापासून डोक्याला ताप झालाय. नवी लाईन पीपीपीओईवर (लॉगिन करून ब्रॉडबँड जोडायची पद्धत) चालते, आणि टनेल आता आयपीव्ही६वरून नेलाय, आधी आयपीव्ही४वर होता.

लक्षणं विचित्र आहेत. पिंग सुरळीत. टनेलमधून जाणारा ऑफिसचा फोन खणखणीत. एसएसएचने लॉगिन होतं, पण लांबलचक फोल्डरची यादी मागवली की स्क्रीन गोठते. शाखेतून फाईल वर चढते, मुख्य ऑफिसातून खाली उतरवायला गेलं की शून्य टक्क्यांवर ठाण मांडून बसते. हँडशेक ताजा, सीपीयू निवांत, केबल बदलून झाली. कुठे बघू?

शून्यबाइट:
डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी व्यवस्था) तपासलंत का? शेवटी नेहमी तेच निघतं.

टनेलग्रस्त:
थेट आयपी टाकूनही तेच रडगाणं.

जुनाट राउटर:
डीएनएस सोडा. लहान पॅकेट पोचतंय, मोठं गळतंय, तेही एकाच दिशेला. एमटीयूचं (एका पॅकेटचा कमाल आकार) प्रकरण दिसतंय. फोनचं पॅकेट साधारण २०० बाइटचं, त्याला काय धाड भरलीय! मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवरून शाखेतल्या मशीनला डीएफ बिट (‘तुकडे करू नका’ अशी खूण) लावून पिंग करा, आकार वाढवत न्या आणि कुठे तुटतं ते लिहा. वायरगार्डचा एमटीयूही सांगा.

टनेलग्रस्त:
१३८० बाइट डेटापर्यंत उत्तर येतं, १३८१ला चिडीचूप. एररसुद्धा नाही. एमटीयू दोन्हीकडे १४२०. पण जुन्या लाईनवरही १४२०च होता की, तेव्हा कसं चालायचं?

जुनाट राउटर:
आयपीव्ही४वर वायरगार्डचा भार (प्रत्येक पॅकेटवर चढणारी जादा माहिती) ६० बाइट, म्हणजे १४२०चे १४८०, निभावून जायचं. आयपीव्ही६वर तोच ८०, म्हणजे बरोबर १५००. आणि पीपीपीओई त्यातले ८ खाऊन १४९२च ठेवतं.

तुमचा १३८१चा आकडा बघून मात्र मजा आली. त्यात आयपी आणि पिंगच्या हेडरचे २८ मिळवले की १४०९. वायरगार्ड आतलं पॅकेट १६च्या पटीत फुगवतं, पण एमटीयूच्या वर जाऊ देत नाही. म्हणून १४०९चं थेट १४२० होतं आणि बाहेर पडताना १५००. १४०८ ही मुळात १६ची पट, ती १४८८ होऊन आरामात निसटते.

दिशेचं म्हणाल, तर शाखेच्या राउटरला आपली लाईन १४९२ची आहे हे ठाऊक असतं, तो आधीच तुकडे करून पाठवतो. मुख्य ऑफिसच्या राउटरला समोर १५०० दिसतात. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर तुकडे करत नाही, पॅकेट टाकून देतो आणि आयसीएमपीव्ही६चा (आयपीव्ही६चे एरर आणि सूचना नेणारा प्रोटोकॉल) ‘पॅकेट टू बिग’ (टाइप २) उलट धाडतो. तो निरोप तुमच्यापर्यंत पोचतोय का? मुख्य ऑफिसच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टवर टीसीपीडम्प (पॅकेट टिपणारं साधन) लावा.

टनेलग्रस्त:
पोचतोय! प्रत्येक लटकलेल्या डाउनलोडमागे एक ‘पॅकेट टू बिग’ येतोय, आत १४९२ स्पष्ट लिहिलंय. पण फायरवॉल नेबर डिस्कव्हरीपुरते (शेजारची मशीन शोधायचे) संदेश सोडून बाकी सगळं आयसीएमपीव्ही६ ड्रॉप करते, आणि तो नियम रिलेटेडच्या (चालू कनेक्शनशी निगडित पॅकेट आत घेणारा नियम) वर बसलाय. ड्रॉपचा काउंटर वाढताना दिसतो. कधीकाळी कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ लावलेला असणार. टाइप २ उघडणं धोक्याचं नाही ना?

जुनाट राउटर:
आरएफसी ४८९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक, २००७) याच विषयावर आहे. टाइप २ अडवू नये असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आयपीव्ही४वर आयसीएमपी सरसकट बंद करायची खोड लागते, तीच लोक इथे आणतात. पिंग बंद ठेवायचा तर खुशाल ठेवा, टाइप २ला हात लावू नका. शिवाय दोन्ही टोकांना वायरगार्डचा एमटीयू १४१२ करा.

टनेलग्रस्त:
दोन्ही केलं. डाउनलोड सुसाट. एमएसएस क्लॅम्पही (टीसीपीच्या एका पॅकेटमधल्या डेटावर मर्यादा) लावू का?

जुनाट राउटर:
लावा, आतल्या आयपीव्ही४साठी १३७२. आतल्या लॅनमध्ये कुणी आयसीएमपी अडवत असेल तरी टीसीपी तरेल. यूडीपीला (टीसीपी न वापरणारी वाहतूक) त्याचा उपयोग शून्य, त्यामुळे क्लॅम्प आहे म्हणून १४१२ परत १४२०वर नेऊ नका.